तक्रार कोणत्या हक्काची? मानवी हक्कांचे प्रकार ओळखून योग्य दार गाठण्याची रीत

मानवी हक्कांचे प्रकार शाळेत पाठ करावे लागतात: समतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क. परीक्षा झाली की यादी विसरते. लोकांच्या तक्रारी लिहायला बसलं की मात्र हीच वर्गवारी पुन्हा हवी असते. हक्क कोणत्या प्रकारात मोडतो त्यावरून अर्ज कुठे द्यायचा, किती दिवसांत द्यायचा, पुरावा कुणी आणायचा आणि शेवटी हाती काय पडू शकतं हे ठरतं. अगदी खरी तक्रारही चुकीच्या प्रकारात मांडली तर पहिल्याच टेबलावर निकाली निघते.

नवीन कार्यकर्ते, विधी स्वयंसेवक आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्यासाठी ही रीत पायरीपायरीने मांडली आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक रचलेलं उदाहरण सोबत घेऊ. बीड जिल्ह्यातलं एक जोडपं, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन तोडीला गेलं. हंगाम संपला तरी मुकादमाच्या हिशेबाने उचल फिटलेली नाही. नवऱ्याला त्याने ‘पैसे घेऊन ये’ म्हणून सोडलं, बायको आणि नऊ वर्षांच्या मुलाला ठेवून घेतलं. मुलगा पाच महिने शाळेत गेलेला नाही. तोडीच्या ठिकाणी रेशन मिळालं नाही. नवरा तिथल्या पोलीस ठाण्यात गेला तर उत्तर आलं, ‘हा पैशांचा व्यवहार आहे, आपसात मिटवा.’

पायरी १: घटना मोकळी करा

समोरचा माणूस सगळं एका दमात सांगतो, आणि तसंच लिहून घेतलं की अर्जाची कादंबरी होते. ऐकून घ्या, मग कोऱ्या कागदावर एका ओळीत एकच गोष्ट अशा ओळी पाडा. प्रत्येक ओळीत कुणी, कुणाचं, काय, कुठे, कधी एवढं यायलाच हवं. वरच्या उदाहरणातून सहा ओळी निघतात: बाई आणि मुलाला जाऊ दिलं नाही, उचलीपोटी काम करून घेतलं, मजुरी किमान वेतनापेक्षा कमी लावली, मुलाची शाळा बुडाली, हक्काचं धान्य मिळालं नाही, पोलिसांनी तक्रार नोंदवली नाही. घटना एक असली तरी हक्क सहा आहेत आणि त्यांची दारं वेगवेगळी आहेत. नवखा माणूस सहाही गोष्टी एकाच अर्जात कोंबून तो मुख्यमंत्र्यांपासून मानवी हक्क आयोगापर्यंत सगळ्यांना पाठवतो. तिथेच प्रकरण लांबतं.

तारखा विचारताना ‘दिवाळीच्या आधी’, ‘पट्टा पडल्यावर’ (कारखान्याचा हंगाम संपल्यावर) अशी उत्तरं येतील. तीच घ्या आणि कॅलेंडर समोर ठेवून त्यांचा महिना-आठवडा ठरवा. मुदत मोजायची वेळ येईल तेव्हा याच तारखा कामी येतात.

पायरी २: बोट कुणाकडे जातं ते बघा

मानवी हक्कांचा पहिला जाब राज्याला विचारायचा असतो. राज्य म्हणजे पोलीस, तहसीलदार, नगरपालिका, सरकारी दवाखाना, जिल्हा परिषदेची शाळा. राज्याची जबाबदारी तीन प्रकारची असते. स्वतः हक्क मोडायचा नाही, हा आदर. दुसऱ्याला मोडू द्यायचा नाही, हे संरक्षण. आणि हक्क प्रत्यक्षात मिळेल अशी व्यवस्था करायची, ही पूर्तता. प्रत्येक ओळीपुढे या तिन्हींपैकी काय चुकलं ते लिहा.

नवख्यांना हे विभाजन पुस्तकी वाटतं, पण अर्ज टिकतो तो याच जोरावर. मुकादम खासगी माणूस आहे. ‘मुकादमाने माझ्या बायकोला डांबलं’ एवढंच मानवी हक्क आयोगाला लिहिलं तर ‘तक्रार लोकसेवकाविरुद्ध नाही’ या कारणाने ती परत येऊ शकते. ‘डांबून ठेवल्याची माहिती अमुक तारखेला अमुक ठाण्यात दिली, तरीही अधिकाऱ्याने सुटका केली नाही आणि गुन्हा नोंदवला नाही’ असं लिहिलं की तीच हकीकत राज्याच्या संरक्षणाच्या जबाबदारीत येते. लोकसेवकाने हक्कभंग रोखण्यात केलेली हयगय आयोगाच्या कक्षेत आहे.

संविधानातले काही हक्क मात्र थेट खासगी व्यक्तीविरुद्धही लागू आहेत. दुकान, हॉटेल, विहीर, पाणवठा इथे भेदभाव नको असं अनुच्छेद १५(२) सांगतो. अनुच्छेद १७ अस्पृश्यतेबद्दल आहे, २३ वेठबिगार आणि माणसांच्या व्यापाराबद्दल, तर २४ चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाना, खाण वा धोक्याच्या कामाला लावण्याबद्दल. जातपंचायतीने कुटुंबाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तिथे आयोगाच्या आधी पोलीस ठाणं किंवा न्यायदंडाधिकारी गाठायचा.

पायरी ३: हक्काचं कूळ ओळखा

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यात ३० अनुच्छेद आहेत आणि सगळे हक्क एकाच पंगतीला बसवलेले आहेत. छळ होऊ नये हाही हक्क, शिक्षण मिळावं हाही. पुढे शीतयुद्धाच्या ओढाताणीत त्यांचे दोन करार झाले. एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. दोन्ही १९६६ मध्ये स्वीकारले गेले, १९७६ मध्ये अमलात आले, आणि भारत १९७९ मध्ये दोन्हींत सामील झाला. नंतर सामूहिक हक्कांचं तिसरं कूळ मानलं जाऊ लागलं: विकास, पर्यावरण, समुदायाची जमीन आणि साधनसंपत्ती. ‘पहिली, दुसरी, तिसरी पिढी’ ही नावं कारेल वासाक या कायदेपंडिताने १९७० च्या दशकात रूढ केली. पिढी म्हटलं की एक थोरली आणि एक धाकटी असं वाटतं. तसं काही नाही. सगळे हक्क अविभाज्य आणि परस्परावलंबी आहेत, हे १९९३ च्या व्हिएन्ना परिषदेत जगातल्या सरकारांनी मान्य केलं आहे.

अर्ज लिहिणाऱ्याने या कुळांमधला एक फरक पक्का लक्षात ठेवावा. नागरी व राजकीय हक्क ताबडतोब द्यायचे असतात. आर्थिक व सामाजिक हक्क ‘उपलब्ध साधनांनुसार टप्प्याटप्प्याने’ द्यावेत, अशी त्या कराराचीच भाषा आहे. म्हणून अटकेच्या तक्रारीवर ‘निधी नाही’ असं उत्तर चालत नाही, पण दवाखान्याच्या तक्रारीवर ते हमखास येतं. त्यावर उपाय दोन. एक, भेदभाव झाला असेल तर तो पुढे आणा. शेजारच्या वस्तीला पाणी आणि आपल्या वस्तीला नाही, इथे टप्प्याटप्प्याची सबब टिकत नाही. दुसरा, त्या हक्कावर विशिष्ट कायदा झाला आहे का ते शोधा. कायद्याने किलो, किलोमीटर किंवा दिवस ठरवून दिले असले की निधीचा मुद्दा मागे पडतो.

दोन कुळांची सीमा किती पातळ आहे ते मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात दिसलं. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या नावाने तो ओळखला जातो, निकाल जुलै १९८५ चा. झोपडी गेली की काम जातं आणि काम गेलं की जगणं जातं, म्हणून उपजीविका ही अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असं पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केलं. आर्थिक हक्क नागरी हक्काच्या दारातून आत आला. पण त्याच निकालात हेही आहे की फुटपाथवर राहण्याचा हक्क कुणालाच नाही. हटवायचं तर नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी हवी. पावसाळा उलटेपर्यंत झोपड्यांना हात लावू नये असं सांगितलं गेलं, आणि १९७६ च्या गणतीची ओळखपत्रं असलेल्यांना पर्यायी जागा. वस्तीच्या बैठकीत हा निकाल अर्धाच सांगितला जातो. अनुच्छेद २१ वर विसंबून घर मागाल तर पदरी नोटीस पडू शकते, म्हणून मागणी लिहिताना कार्यपद्धतीची मागणी आणि पुनर्वसनाची मागणी वेगवेगळी लिहा.

सामूहिक हक्काची ओळख सोपी आहे: तो एकट्याला मागताच येत नाही. वनहक्क कायदा, २००६ खाली कसलेल्या जमिनीचा वैयक्तिक दावा चार हेक्टरपर्यंत एक कुटुंब करू शकतं. सामूहिक वनसंपत्तीचा दावा मात्र ग्रामसभेनेच करायचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला असा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. इथे दावे पडतात ते गणसंख्येवर. ग्रामसभेत निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बाया हव्यात. सह्यांच्या वहीत बायांच्या सह्या कमी दिसल्या की दावा त्रुटीत निघतो. ग्रामसभेच्या ठरावावर कुणाची हरकत असेल तर ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील, तिथल्या निर्णयावर पुन्हा ६० दिवसांत जिल्हा समितीकडे.

सांस्कृतिक हक्कांबद्दल थोडक्यात: भाषा, लिपी, संस्कृती जपणं अनुच्छेद २९ मध्ये, अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्था ३० मध्ये, प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय ३५०क मध्ये. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी शाळांचा प्रश्न कायद्याने याच कप्प्यात बसतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असतो, पण त्याचं काम राष्ट्रपतींना अहवाल देण्याचं आहे. आदेश हवा असेल तर उच्च न्यायालय.

पायरी ४: हक्क कोणत्या कागदावर आहे ते शोधा

ही पायरी गाळली की बाकीची मेहनत वाया जाते. कागद चार प्रकारचे.

मूलभूत हक्क, म्हणजे संविधानाचा भाग तीन. हे मोडले तर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली आणि सर्वोच्च न्यायालयात ३२ खाली थेट जाता येतं. उपाय मागण्याचा हक्क हाच मूलभूत हक्क करणाऱ्या या तरतुदीला डॉ. आंबेडकरांनी संविधानाचा आत्मा म्हटलं होतं. प्रत्यक्षात ३२ खाली दिल्लीला गेलेल्यांना ‘आधी उच्च न्यायालयात जा’ असं बऱ्याचदा ऐकावं लागतं.

मार्गदर्शक तत्त्वं, भाग चार. कामाचा हक्क, पोषण, सार्वजनिक आरोग्य, समान कामाला समान वेतन. यांवर एकट्या आधाराने न्यायालयात जाता येत नाही. नुसता ‘अनुच्छेद ४७ चा भंग’ लिहिलेला अर्ज कुणी हातात धरत नाही. अनुच्छेद २१ च्या आधाराला म्हणून मात्र ती तत्त्वं भक्कम असतात.

कायद्याने दिलेले हक्क. सामान्य माणसाची बहुतेक कामं इथेच होतात, कारण आकडे इथे असतात. अन्न सुरक्षा कायदा, २०१३: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. शिक्षण हक्क कायदा, २००९: ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती, तक्रार तीन महिन्यांत. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

चौथा कागद आंतरराष्ट्रीय करारांचा. बालहक्क, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव, दिव्यांगांचे हक्क, वांशिक भेदभाव यांविषयीच्या करारांना भारताने बांधून घेतलं आहे. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून अनुसमर्थित केलेला, म्हणजे स्वतःवर बंधनकारक म्हणून मान्य केलेला नाही. म्हणून कोठडीतल्या मारहाणीच्या अर्जात त्याचा हवाला मुख्य आधार म्हणून देऊ नये. तिथे अनुच्छेद २१ आणि सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात घालून दिलेले अटकेचे नियम द्यावेत.

आता उदाहरणातल्या ओळींना कागद जोडू. उचलीपोटी काम, ही ओळ मजुरीच्या वादासारखी दिसते. पण किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लागणं ही अनुच्छेद २३ मधली सक्ती आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात ठरवलं. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा, १९७६ चार खुणा सांगतो: उचलीच्या बदल्यात बिनपगारी किंवा नाममात्र मजुरीवर काम, दुसरीकडे काम धरायला मज्जाव, हिंडाफिरायला मज्जाव, श्रम बाजारभावाने विकायला मज्जाव. उचलीशी यांपैकी एक खूण जोडलेली दिसली तरी पुरे. हा कायदा लागला की तीन गोष्टी बदलतात. कर्ज कायद्यानेच संपतं. ते वेठीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मुकादमावर जाते. आणि दार कामगार कार्यालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांचं होतं. सुटका झाल्यावर मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटका झाल्याचा सरकारी दाखला, हातात घेतल्याशिवाय जागा सोडू नका. केंद्राच्या पुनर्वसन योजनेतली ३०,००० रुपयांपर्यंतची तातडीची मदत आणि पुढचं पुनर्वसन याच कागदाभोवती फिरतं. गाडीत बसवून गावी पोचवलं आणि प्रमाणपत्र राहिलं, असं झालं की नंतर ते मिळवणं अतिशय कठीण जातं.

पायरी ५: हक्काला बांध किती, आणि तो कुणाचा

भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य, व्यवसाय हे अनुच्छेद १९ मधले हक्क वाजवी निर्बंधांसह येतात. म्हणून मोर्चाला परवानगी नाकारली तर ‘हक्क हिरावला’ एवढ्याने भागत नाही. निर्बंध कुठल्या कारणाखाली घातला आणि तो वाजवी का नाही, हे लिहावं लागतं. लेखी नकार मागा. तोंडी नकाराला आव्हान देणं फार अवघड. उलट, ज्या कृत्याला ते घडलं तेव्हा कायद्यात गुन्हा म्हटलेलं नव्हतं त्याबद्दल शिक्षा न होणं, एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा न होणं, स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी न लागणं (अनुच्छेद २०) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (अनुच्छेद २१) यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. १९७५ च्या आणीबाणीचा अनुभव घेऊन १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ही तजवीज केली.

दुसरा प्रश्न, माणूस नागरिक आहे का? अनुच्छेद १५, १६, १९, २९, ३० नागरिकांसाठी. १४, २०, २१, २२, २३, २४, २५ भारतात असलेल्या कुणासाठीही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या आंबाबागांत राखणीला येणारे नेपाळी गडी, गोव्याच्या हॉटेलांतले परदेशी पाहुणे, सगळ्यांना अटकेनंतर २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. ‘तो परदेशी आहे’ हे कारण इथे ऐकून घेऊ नका.

पायरी ६: दार निवडा

आधी जीव आणि सुटका. आज, आत्ता कुणी कोंडलेलं असेल तर ११२. मूल असेल तर १०९८. वेठबिगारीत त्याच दिवशी कामाच्या जागेच्या उपविभागीय अधिकाऱ्यांना (प्रांत) आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज. इथे नवखे हमखास चुकतात: अर्ज बीडला दिला जातो आणि घटना दुसऱ्या जिल्ह्यात, कधी कर्नाटकातल्या कारखान्यावर घडलेली असते. सुटका करण्याचा अधिकार घटना जिथे चालू आहे तिथल्या अधिकाऱ्याचा. बीडला फक्त प्रत द्या, पुनर्वसनासाठी ती लागेल. कुठेच हालचाल नसेल तर उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा (हेबियस कॉर्पस) अर्ज, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावण्याचा. माणूस खासगी व्यक्तीने डांबला असेल तरी तो चालतो. मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच बसतं.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर ठाण्यावर हुज्जत घालण्यात दिवस दवडू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद सक्तीची आहे, हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, आणि त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. अधीक्षकांची पायरी गाळून थेट न्यायालयात गेलं की अर्ज तिथेच अडतो. टपालाची पावती म्हणूनच जपायची.

धान्यासाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि वर राज्य अन्न आयोग. शिवाय आता रेशन कार्ड कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात चालतं, त्यामुळे पुढच्या हंगामाआधी आधार जोडणी तपासून घ्यायला सांगा. शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी, मग राज्य बालहक्क संरक्षण आयोग. पालक तोडीला गेलेल्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह गावात सुरू झालं नाही हीही पूर्तता न झाल्याची स्वतंत्र तक्रार आहे. दाखला किंवा परवाना रखडला असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, २०१५. तिथे मुदत ठरलेली असते आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. जिथे असा छोटा, धारदार कायदा आहे तिथे मानवी हक्कांचा मोठा शब्द वापरायची घाई करू नये, असं आमचं मत आहे. दाखल्याचा अर्ज आयोगाकडे गेला तर तो महिनोन्‌महिने तिथेच राहतो.

वकिलाचा खर्च ही अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कोठडीतली माणसं, वेठबिगार आणि मानवी तस्करीचे बळी यांना मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका समितीचं कार्यालय असतं, मदत क्रमांक १५१००.

पायरी ७: आयोगाचा अर्ज

मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ खाली दिल्लीला राष्ट्रीय आयोग, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर महाराष्ट्राचा राज्य आयोग, पणजीत गोव्याचा. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो, आणि पीडिताच्या वतीने दुसरा कुणीही देऊ शकतो. अर्ज का परत येतात ते आधी समजून घ्या.

घटनेला एक वर्ष उलटलेलं असतं. इथे तारीख घटनेची धरतात. अर्ज-विनंत्यांत गेलेला वेळ वजा होत नाही. एकाच विषयावर राज्य आणि राष्ट्रीय दोन्ही आयोगांना अर्ज केलेला असतो. राज्य आयोगाकडे प्रलंबित असलेल्या विषयाला राष्ट्रीय आयोग हात लावत नाही. प्रकरण न्यायालयात चालू असतं. अर्ज निनावी किंवा मोघम असतो. विषय जमिनीचा, कराराचा, नोकरीतल्या बदली-बढतीचा किंवा कामगार विवादाचा असतो. आणि एक साधं पण नेहमीचं कारण: अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेला असतो आणि खाली ‘प्रत माहितीस्तव: मानवी हक्क आयोग’ एवढंच. अशी प्रत आयोग तक्रार मानत नाही.

अर्ज दोन पानांत बसवा. वर पीडिताचं नाव, वय, पत्ता, फोन. मग घटनेची जागा, तालुका, जिल्हा, तारीख. मग ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या लोकसेवकाचं पद आणि कार्यालय (नाव ठाऊक नसलं तरी पद पुरतं). हकीकत तारखेच्या क्रमाने, विशेषणांशिवाय. ‘अमानुष, पाशवी, निर्दयी’ हे शब्द काढून टाका आणि त्या जागी किती तास, कुठल्या खोलीत, कुणासमोर हे लिहा. मग मोडलेला हक्क अनुच्छेदासह, पण दोन-तीनच. मुळात हक्क कळला आहे हे दाखवायला सगळा भाग तीन उतरवून काढणारे अर्ज वाचणाऱ्याला कंटाळा आणतात. त्यानंतर आधी कुठे-कुठे दाद मागितली आणि काय झालं. शेवटी मागणी. ‘न्याय मिळावा’ ही मागणी होत नाही. ‘मुक्ती प्रमाणपत्र द्यावं, संबंधित अधिकाऱ्याची चौकशी व्हावी, नुकसानभरपाईची शिफारस व्हावी, तोवर अंतरिम मदत मिळावी’ अशी मोजता येणारी वाक्यं लिहा. विषय कुठल्याही न्यायालयात वा आयोगात प्रलंबित नाही, हे निवेदन आणि सही. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही.

जोडायच्या कागदांत मूळ प्रत कधीही देऊ नका. हाताने दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सही मिळते पण क्रमांक टाकायला कंटाळा केला जातो, आणि पुढे ‘असा अर्ज आलाच नाही’ हे ऐकावं लागतं. कोऱ्या कागदावर किंवा मुद्रांकावर उचलीचा करार झाला असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो, मुकादमाच्या वहीतल्या पानाचा फोटो, पैसे पाठवल्याचे संदेश हे सगळं तारखेसकट छापून लावा.

अर्ज दिल्यानंतर

आयोग संबंधित खात्याकडून अहवाल मागवतो आणि तो बहुधा तुमच्याकडे प्रतिक्रियेसाठी येतो. खात्याचा अहवाल ‘चौकशी केली, तथ्य आढळलं नाही’ असाच असण्याची शक्यता जास्त. दिलेल्या मुदतीत त्याला मुद्देसूद उत्तर गेलं नाही तर प्रकरण बंद होतं. म्हणून अहवाल आल्यावर जबाब कुणाचे घेतले, पीडितेचा घेतला का, मुकादमासमोर घेतला का, हे प्रश्न विचारा. आयोगाला समन्स काढण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी तो करतो ती शिफारस. सरकारने त्यावर काय केलं ते एक महिन्यात कळवायचं असतं. सरकार गप्प बसलं तर शिफारशीची प्रत जोडून उच्च न्यायालयात जाता येतं.

मधल्या काळात माहितीचा अधिकार वापरा. ‘माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत’ एवढंच मागा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर ३० दिवसांत, आणि माहिती कुणाच्या जीविताशी वा स्वातंत्र्याशी निगडित असेल तर ४८ तासांत. हे ४८ तास हवे असतील तर तसं अर्जाच्या पहिल्याच ओळीत कारणासह लिहा, नाहीतर अर्ज नेहमीच्या ढिगात जातो.

आणि पत्त्याचा रकाना भरताना विचार करा. आयोगाचं पत्र येईपर्यंत पुढचा हंगाम सुरू झालेला असू शकतो, कुटुंब पुन्हा तोडीला गेलेलं असू शकतं. पत्ता गावी कायम राहणाऱ्या नातेवाइकाचा द्या, फोन कार्यकर्त्याचा द्या, आणि पोस्टमनला सांगून ठेवा.